निर्बंध दिवसांचे, नुकसान सीझनचं : मुरुड-जंजिऱ्याचा दोन वर्षांचा हिशेब

शनिवारी, २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याच्या दिवशी राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. त्याच संध्याकाळी चंद्र दिसला आणि दोन रमजान घरात काढल्यानंतर मशिदींमध्ये पुन्हा खांद्याला खांदा लावून तरावीहच्या सफा उभ्या राहिल्या. अल्हम्दुलिल्लाह, ही खुशी लहान नाही.

पण निर्बंध उठले म्हणजे त्यांचा परिणामही उठला, असं होत नाही. मुंबई-पुण्यात दुकान उघडलं की दुसऱ्या दिवशी गल्ल्यात पैसे येतात. समुद्रकाठच्या पर्यटनाच्या गावात असं घडत नाही. तिथे वर्षाची कमाई ठरावीक दिवसांत होते आणि ते दिवस हातचे गेले की पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते. रायगड जिल्ह्यातलं मुरुड-जंजिरा हे असंच एक गाव. आपल्यापैकी अनेकांनी ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोराबाळांना घेऊन तिथे चक्कर मारली असेल, राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून किल्ला पाहिला असेल. त्या होडीवाल्याचं, किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याचं, घरगुती जेवण रांधणाऱ्या आपाचं या दोन वर्षांत काय झालं, ते आज बघू या. कारण पुढची साथ, पुढचं वादळ कधी येईल सांगता येत नाही. या वेळचा हिशेब नीट मांडला नाही, तर पुढच्या वेळीही तीच चूक होणार.

वर्षातले कमाईचे दिवस किती?

मुरुडचं पर्यटन पावसावर चालतं. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि किल्ल्याकडे कोणी जात नाही. समुद्र शांत झाला की फेऱ्या सुरू होतात. त्यातही खरी गर्दी दिवाळीच्या सुट्टीत, नाताळ ते ३१ डिसेंबर, २६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत, शिमग्याच्या आसपास आणि सगळ्यात जास्त एप्रिल-मेमध्ये. उन्हाळ्याच्या या सुट्टीवर पावसाळ्याचे तीन-चार महिने निघतात. घराची कौलं, मुलांची वह्या-पुस्तकं आणि फी, होडीची डागडुजी, वाण्याची मागची उधारी, सगळं त्यातूनच भागतं.

आता हे डोक्यात ठेवून निर्बंधांच्या तारखा बघा.

जंजिरा हा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतला किल्ला. देशभरातली अशी स्मारकं १७ मार्च २०२० ला बंद झाली. आठवड्याभरात, २५ मार्चपासून, देशभर लॉकडाऊन लागला. म्हणजे उन्हाळ्याचा सीझन सुरू होता होताच टाळं लागलं. केंद्राने स्मारकं उघडायला परवानगी दिली ती ६ जुलैपासून, भर पावसात. तेव्हा होड्या किनाऱ्यावर उलट्या पडलेल्या होत्या. त्यातही राज्यातलं टाळं नंतर बरेच महिने राहिलं. अजिंठा-वेरूळसारखी जगप्रसिद्ध ठिकाणंसुद्धा १० डिसेंबर २०२० ला उघडली. जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास २ सप्टेंबरपर्यंत होता. रेस्टॉरंटना ५ ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली.

दुसऱ्या वर्षी तेच झालं. २०२१ च्या एप्रिलच्या मध्यावर दुसरी लाट शिगेला गेली. महाराष्ट्रात दिवसाला ६०,००० च्या वर रुग्ण सापडत होते. १४ एप्रिलच्या रात्रीपासून संचारबंदी कडक झाली, स्मारकं पुन्हा बंद झाली आणि पुढच्या आठवड्यात ई-पास परत आला. स्मारकं उघडली १६ जूनला. म्हणजे पुन्हा पाऊस!

तिसऱ्या वर्षी दिवाळी आणि नाताळ बरे गेले, लोकांना वाटलं की सुटलो. तेवढ्यात ओमिक्रॉन आला. १० जानेवारी २०२२ पासून राज्याच्या आदेशाने किल्ले, वस्तुसंग्रहालयं, तिकिटाची सगळी ठिकाणं बंद झाली. १ फेब्रुवारीपासून सवलती मिळायला लागल्या, पण तोवर २६ जानेवारीची सुट्टी हातची गेली होती.

सरकारी कागदावर ही बंदी महिन्यांत मोजली जाते. पहिल्या वर्षी इतके महिने, दुसऱ्या वर्षी दोन महिने, तिसऱ्या वर्षी जेमतेम तीन आठवडे. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की बंदी दर वर्षी सौम्य होत गेली. होडीवाल्याच्या हिशेबात मात्र सलग दोन उन्हाळे पूर्ण बुडाले आणि तिसऱ्या हिवाळ्याचा गाभा गेला. एप्रिल-मेमधला एक महिना हा बारातला एक महिना नसतो. शेतकऱ्याच्या ऐन कापणीच्या पंधरा दिवसांत शेत बंद ठेवलं आणि मग सांगितलं की फक्त पंधराच दिवस तर बंद होतं, तर जे होईल तेच इथे झालं.

बंद होडीलाही खर्च असतो

शहरातल्या माणसाला वाटतं की धंदा बंद म्हणजे कमाई बंद, पण खर्चही बंद. इथे तसं नाही. लाकडी होडी पाण्यात उतरवली नाही तर लाकूड सुकतं, फळ्यांचे सांधे उघडतात. दर वर्षी तिची डागडुजी, तेलपाणी करावंच लागतं, मग एकही फेरी होवो न होवो. शिडाचं कापड उन्हा-वाऱ्याने विरतं. घोड्याला गिऱ्हाईक असलं नसलं तरी चारा आणि हरभरा लागतोच. लॉजवाल्याला वीज आणि घरपट्टीचं बिल येतंच.

होडीवर एकटा मालक नसतो. तांडेल असतो, खलाशी असतात, धक्क्यावर पर्यटकांना हात देऊन चढवणारी पोरं असतात. किल्ल्यात फिरून सिद्दींचा इतिहास आणि कलालबांगडी तोफेची गोष्ट सांगणारे गाईड असतात. बाहेर शहाळी, ताडगोळे, कोकम सरबत विकणाऱ्या बाया असतात. त्यात आपली मुस्लिम घरं आहेत, कोळी घरं आहेत, इतर समाजाचीही आहेत. एक फेरी रद्द झाली की ही सगळी साखळी थांबते. यांतल्या बहुतेकांना पगार नाही, हजेरीपुस्तक नाही. कामाचा पुरावा म्हणावा असा कागदाचा कपटाही नाही.

बायकांच्या कामाचं तर कुठेच मोजमाप नाही. ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी लावून सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, बिर्याणी रांधून देणाऱ्या कितीतरी आपा आणि भाभी या किनाऱ्यावर आहेत. घरातल्या पुरुषाचा धंदा थांबला तेव्हा त्यांचाही थांबला, कारण दोघांचं गिऱ्हाईक एकच. मग बांगड्या पतसंस्थेत गेल्या. त्यातल्या किती परत आल्या, ते ज्याचं त्याला माहीत.

कोकणातल्या मुस्लिम घरांना नेहमी दुसरा एक आधार असतो, तो म्हणजे आखातातला मुलगा किंवा भाऊ. दुबई, कुवेत, सौदीहून येणाऱ्या पैशावर पावसाळा ढकलता येतो. २०२० मध्ये तोही आधार डळमळला. ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली आणि काम गेलेले लोक परत येऊ लागले. काहींचे व्हिसा इथे बसल्या बसल्या संपले. म्हणजे घर ज्या दोन खांबांवर उभं होतं, ते दोन्ही एकाच वेळी हलले.

वरून वादळ

लॉकडाऊनचा पहिला उन्हाळा संपतो न संपतो तोच ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत त्याहून मोठे. मुरुड, श्रीवर्धन पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. कौलं उडाली, विजेचे खांब पडले, कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली.

पर्यटन बुडालं तरी वाडी आहे, असं ज्यांना वाटत होतं, त्यांचा तोही आसरा गेला. सुपारीचं नवं झाड लावलं तर हाती पीक यायला पाच-सात वर्षं जातात. सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण कोकणात जमीन हेक्टरात कुणाकडे असते? इथे वाडी गुंठ्यात मोजतात. गुंठ्याला हिशेब करा, जेमतेम ५०० रुपये पडतात. म्हणून तर झाडागणिक मदत द्या, अशी मागणी झाली. मोजायचं माप चुकलं की मदतही चुकते. निर्बंधांच्या बाबतीतही हीच गोष्ट झाली, माप फक्त वेगळं होतं.

पुढच्या वर्षी १४ मेला ईद झाली, तीही घरातच, आणि दोनच दिवसांनी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं.

मग बंदी चूक होती का?

नाही. हे आम्ही स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडे या विषयावर लगेच दोन टोकं धरली जातात. मुरुडसारख्या गावात गंभीर रुग्ण झाला तर त्याला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं लागतं, अंतर सुमारे ५० किलोमीटर. तिथेही बेड मिळाला नाही तर पनवेल किंवा मुंबई. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या एका सिलिंडरसाठी लोक कसे वणवण फिरले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. २० माणसांच्या मर्यादेत कित्येकांनी आपल्या आई-बापाचा जनाजा उचलला. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून हजारोंनी लोक या किनाऱ्यावर उतरले असते तर काय झालं असतं, विचार करा. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, ही शिकवण आपल्याला चौदाशे वर्षांपासून आहे. तेव्हा गाव बंद ठेवणं याला आमचा विरोध नाही.

गावातल्या लोकांच्या मनातही दोन्ही गोष्टी एकदम होत्या. पर्यटक आला नाही तर चूल पेटत नाही, आणि आला तर घरातल्या म्हाताऱ्यांची भीती. ज्याच्यावर पोट, त्याचीच धास्ती! किनाऱ्यावरच्या या गावांनी दोन वर्षं हे ओझं वागवलं. सगळ्यांच्या भल्यासाठी त्यांनी आपला सीझन सोडून दिला. मग ज्याने सगळ्यांसाठी सोडलं, त्याची भरपाई सगळ्यांनी मिळून करायला नको का? खरा प्रश्न इथे आहे.

मदत आली, पण कोणाच्या नावावर?

१३ एप्रिल २०२१ ला राज्य सरकारने निर्बंधांसोबत ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात परवानाधारक रिक्षावाल्यांना १,५०० रुपये होते, नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना, बांधकाम कामगारांना, घरकाम करणाऱ्या बायकांना मदत होती. चांगली गोष्ट होती. पण त्या यादीत शिडाच्या होडीवरचा खलाशी नव्हता, घोडागाडीवाला नव्हता, घरगुती जेवण देणारी बाई नव्हती.

२८ जून २०२१ ला केंद्राने पर्यटन क्षेत्रासाठी कर्जहमीची योजना आणली. प्रवासी कंपन्यांना १० लाखांपर्यंत आणि परवानाधारक गाईडना १ लाखापर्यंत कर्ज. देशभरात १०,७०० च्या आसपास गाईड त्यात धरले होते, केंद्राने आणि राज्यांनी मान्यता दिलेले. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या इतिहास सांगणाऱ्या, पण परवाना नसलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती.

त्याआधी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट कर्जाचे हप्ते थांबवायची मुभा दिली होती. सहा महिने हप्ता नाही, पण व्याजाचं मीटर चालूच. ज्याची कमाई दर महिन्याला येते त्याला सहा महिने पुरतात. ज्याची कमाई थेट पुढच्या एप्रिलमध्ये येणार, त्याला नाही. आणि व्याजाचं कर्ज नकोच म्हणणारी जी घरं आपल्यात आहेत, त्यांच्यासाठी तर हमी असो की मुदतवाढ, दोन्ही बिनकामाचीच.

म्हणजे दोन गोष्टी झाल्या. निर्बंध ठरवताना गावाचा सीझन कोणी पाहिला नाही. मदत ठरवताना फक्त ज्याच्याकडे कागद आहे तोच दिसला. या दोन्हींच्या मधल्या फटीत मुरुड पडलं. एकटं मुरुडच कशाला? श्रीवर्धन, दिवेआगर, हर्णै, गुहागर, मालवण, जिथे जिथे किनाऱ्यावर पर्यटकांवर चुली पेटतात, तिथे थोड्याफार फरकाने हेच.

पोरांचं काय?

धंद्याचं नुकसान पुढच्या दोन सीझनमध्ये भरून निघेलही. शाळेचं निघेल का, याची चिंता जास्त आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग राज्यभर सुरू झाले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला. पहिली ते चौथीची मुलं १ डिसेंबरला वर्गात गेली आणि जानेवारीत पुन्हा घरी बसली. मधल्या काळात घरात एक मोबाईल आणि शिकणारी तीन मुलं, तो मोबाईलही बाप बाहेर गेला की त्याच्याबरोबर. दहावी-बारावीची पोरं मासळीच्या गाडीवर, मिळेल त्या मजुरीवर लागली. हातात दोन पैसे खेळू लागले की पुस्तकाकडे परत वळणं अवघड असतं. मुलींचं तर त्याहून वेगळं. शाळा बंद, घरात तंगी, तेव्हा स्थळ आलंच आहे तर उरकून टाकू, हा विचार कितीतरी घरांत झाला. हे आपल्या मोहल्ल्यात आपणच बघायचं आहे. जे मूल शाळेतून सुटलं, त्याचं नाव मशिदीच्या जमातीला ठाऊक असतं. जून महिन्यात शाळा उघडतील तेव्हा त्या प्रत्येक दारावर कोणीतरी गेलं पाहिजे.

आता पुढे काय?

२०२२ चा उन्हाळा तीन वर्षांतला पहिला मोकळा उन्हाळा होता. पण नीट बघा, दिवस किती होते. त्या वर्षी शाळा एप्रिलअखेरपर्यंत चालणार होत्या. रमजान महिना मेच्या सुरुवातीला संपणार होता, ईद ३ मेच्या आसपास येणार होती. म्हणजे खरी गर्दी ईदपासून. आणि मेच्या शेवटाला समुद्र बदलायला लागतो. हातात उरत होते तीन-चार आठवडे. दोन वर्षांची देणी या तीन-चार आठवड्यांत फिटणार नव्हती.

सरकारकडे आपली मागणी साधी असावी. एक, पर्यटनावर चालणाऱ्या किनारी तालुक्यांसाठी नुकसानीचं माप सीझनवर ठरवा. एप्रिल-मे बंद ठेवला तर अर्ध्या वर्षाचं नुकसान धरा. दोन, होडीवाले, खलाशी, घोडागाडीवाले, घरगुती जेवण आणि राहायची सोय करणाऱ्या बायका यांची यादी नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतींनी आत्ताच करून ठेवावी, संकट आल्यावर नव्हे. तीन, मदत कर्जाच्या रूपात न देता थेट खात्यात द्यावी.

आपल्या हातातलं कामही आहे. २६ ऑगस्ट २०२१ ला असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झालं. वय १६ ते ५९, नोंदणी फुकट, आधार आणि बँक खातं लागतं. २०२२ मध्ये अपघाती मृत्यू झाल्यास २ लाखांचा विमा होता. पण त्याहून मोठा फायदा म्हणजे सरकारच्या वहीत आपलं नाव येतं. खलाशी, रांधणारी बाई, सरबतवाली, सगळ्यांना हे चालतं. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी मोबाईल घेऊन दोन दिवस धक्क्यावर आणि घराघरात बसलं तर हे काम होण्यासारखं आहे.

आणि शेवटची गोष्ट रमजानची. जकात कोणाला द्यायची, त्यात कर्जात बुडालेला माणूसही येतो, हे आपण दर वर्षी बयानात ऐकतो. तरी आपली जकात बहुतेक वेळा पावतीपुस्तक घेऊन लांबून आलेल्याकडे जाते. राजपुरीचा होडीवाला पावतीपुस्तक घेऊन फिरत नाही. त्याने आजवर लोकांना होडीत चढताना हात दिला आहे, कुणापुढे हात पसरलेला नाही, आणि पसरणारही नाही. त्याची उधारी कुठे थकली आहे ते वाण्याला विचारा, त्याची होडी का उतरली नाही ते धक्क्यावर विचारा. जकात असेल तर गुपचूप पोहोचवा, नाहीतर कर्ज-ए-हसना द्या आणि परतफेड पुढच्या मे महिन्यात घ्या. तुमचं ज्याच्याकडे येणं आहे, तो अडचणीत असेल तर त्यालाही तेवढी सवड द्या.

ईदनंतर मुरुडला जाणार असाल तर जरूर जा. भाड्यात पाच-पंचवीस रुपयांसाठी घासाघीस करू नका, जेवण गावातल्या घरी घ्या, शहाळं तिथल्याच बाईकडून प्या. दोन उन्हाळे त्या धक्क्यावर कोणी आलं नव्हतं.